पटाचारेला अडवू नका



धम्मदीक्षा घेतल्यावर तुम्ही घरातला देव्हारा उतरवला. गंडेदोरे तोडले. देवऋष्याच्या दारी कोंबडे नेणे, लिंबू उतरवणे, अंगात आलेल्या बाईच्या पाया पडणे हे सारे तुम्ही सोडले. हे धैर्याचे काम आहे, आणि त्याबद्दल तुमचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु आज मी तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारणार आहे. तुमच्या घरातले एखादे माणूस एके दिवशी बोलेनासे झाले, रात्र रात्र जागू लागले, कोणालाही ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येऊ लागले, किंवा जगण्यात आता काही उरले नाही असे ते म्हणू लागले, तर तुम्ही कोठे जाल? देवऋष्याचे दार तुम्ही बंद केले, ते योग्यच केले. पण त्याऐवजी कोणते दार उघडले?

‘डॉक्टरचे’ असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण ते पुरेसे आहे काय, याचा विचार आपण करू.

सोनपेठ तालुक्याचेच उदाहरण घ्या. परभणी जिल्ह्यातला, बीड जिल्ह्याला लागून असलेला हा तालुका. दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की या भागातले कोयते मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. समजा, अशाच एका कोयत्यातल्या तरुणाची फडात असताना झोप उडाली. मुकादम आपल्याला मारायला टपला आहे, असे तो म्हणू लागला. काम होईना, म्हणून त्याला गावी धाडले. घरी एकटी म्हातारी आई. तिने त्याला परभणीच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे किंवा परळीमार्गे अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे, तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही.

तरीही ती माउली मुलाला घेऊन जाते. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात, पंधरा दिवसांनी या म्हणतात. बाहेर रांग लागलेली असते, त्यांचाही दोष नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्यांमुळे मुलाचे हात थरथरू लागतात, तो दिवसभर पेंगतो. शेजारीण म्हणते, “अगं, ही झोपेची औषधं, सवय लागंल पोराला.” गोळ्या बंद होतात. महिनाभरात आजार दुपटीने उलटतो. मग कोणीतरी हळूच म्हणते, ‘एकदा त्या देवऋष्याला दाखवून तर बघा.’

बंधूंनो, येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. देवऋष्याचे लिंबू खोटे होते, त्याचे भूत खोटे होते, त्याने घेतलेले पैसे मात्र खरे होते. पण तो घरच्यांजवळ बसत असे. त्यांच्या बोलीत बोलत असे. काय झाले, कधी झाले, हे ऐकून घेत असे. माणसाला त्या लिंबापेक्षा त्या सोबतीचा आधार वाटत होता. आपण लिंबू फेकून दिले आणि त्याबरोबर सोबतही गेली, तर रिकाम्या झालेल्या जागी पुन्हा लिंबूच येऊन बसेल. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. कायदा भोंदूला शिक्षा देऊ शकतो, पण त्या म्हातारीच्या ओट्यावर येऊन बसू शकत नाही.

आता कल्पना करा, त्या तिसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर एक माणूस येऊन बसला. तो म्हणाला, “आजी, मलाही असंच झालं होतं. माझेही हात असेच थरथरायचे. मी गोळ्या सोडल्या नाहीत, डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी मात्रा बदलली. आज मी कामावर जातो. चला, उद्या मी तुमच्याबरोबर येतो.” हा माणूस डॉक्टर नाही, नातलग नाही, देवऋषी तर नाहीच नाही. तो त्याच वाटेने गेलेला आणि परत आलेला माणूस आहे. जगात अनेक ठिकाणी अशा माणसांना प्रशिक्षण आणि पगार देऊन मानसिक उपचार करणाऱ्या पथकात घेतले जाते. इंग्रजीत त्यांना पीअर सपोर्ट वर्कर म्हणतात. आपण त्यांना समदुःखी सोबती म्हणू.

आजचा प्रश्न हा आहे: ज्याने दुःख भोगले, त्याचा अनुभव हे ज्ञान आहे काय? आणि ते ज्ञान असेल, तर डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांच्या शेजारी त्याला मानाची खुर्ची मिळावी काय?

आपल्या परंपरेत या प्रश्नाला फार जुने उत्तर आहे. थेरीगाथा आणि तिची अट्ठकथा यांतून पटाचारेची हकीकत आपल्यापर्यंत आली आहे. श्रावस्तीच्या सधन घरची ही मुलगी घरच्या चाकराबरोबर निघून गेली. पुढे एकाच प्रवासात तिचा नवरा सर्पदंशाने मेला, तान्हे मूल ससाण्याने उचलले, थोरला मुलगा नदीत वाहून गेला. माहेरी पोचते तो घर कोसळून आईबाप आणि भाऊ गेल्याचे कळले. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळले नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. भटकत भटकत ती तथागतांचे प्रवचन चालू होते तेथे आली. जमलेले लोक म्हणू लागले, हिला येथे येऊ देऊ नका. तथागतांनी सांगितले, तिला अडवू नका. त्यांनी तिला बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर ये असे म्हटले. तेथल्याच एका माणसाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले.

पुष्कळ लोक ही कथा येथेच संपवतात. करुणा दिसली, डोळे पाणावले, झाले. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पटाचारा भिक्षुणी झाली. संघाचे नियम जाणणाऱ्या भिक्षुणींमध्ये तिला पहिले स्थान मिळाले. आणि मुले गमावलेल्या, शोकाने खचलेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे आल्या आणि तिच्या बोलण्याने सावरल्या. त्या तिच्याकडेच का आल्या? कारण तिने ते सोसले होते. आणि तिचे बोलणे का लागू पडले? कारण सोसल्यानंतर ती शिकली होती. संघाने तिला दाराशी बसवून ठेवले नाही. तिच्यावर जबाबदारी टाकली आणि अधिकारही दिला.

जगाचा इतिहासही हेच सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झाँ-बातिस्त पुसँ नावाचा गृहस्थ गंडमाळेचा रुग्ण म्हणून आला, बरा झाला आणि पुढे तेथल्याच मनोरुग्णांच्या विभागाचा व्यवस्थापक झाला. बरे झालेल्या रुग्णांना तो सेवक म्हणून नेमत असे, कारण असे सेवक रुग्णांना मारझोड करीत नाहीत, हे त्याने पाहिले होते. १७९७ साली त्याने तेथल्या रुग्णांच्या साखळ्या काढल्या. डॉक्टर फिलिप पिनेल यांनी त्याचे ऋण मान्य केले होते, तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते डॉक्टरचेच. हे असे का होते, हे तुम्हाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या महाराष्ट्रात पाहा. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. दारूतून, गर्दमधून बाहेर पडलेली माणसे तेथे समुपदेशक आणि कार्यकर्ते म्हणून काम करतात. नव्याने दाखल झालेला माणूस डॉक्टरला फसवू शकतो, पण ज्याने स्वतः बाटल्या लपवल्या त्याला तो फसवू शकत नाही. १९९७ साली जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या स्वतःच्या पत्नीला हा आजार होता. तेथल्या स्वमदत गटांत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक एकमेकांना आधार देतात.

आता आक्षेपांचा विचार करू. धम्म डोळे झाकून स्वीकारायला सांगत नाही, मग ही गोष्ट तरी तशी का स्वीकारावी?

पहिला आक्षेप असा की, सोसले म्हणून समजले असे होत नाही. हा आक्षेप खरा आहे. पायात काटा मोडलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याचा काटा काढता येतो असे नाही. उलट, ‘मला या गोळीने बरे वाटले, तूही हीच घे’ असे सांगणारा घात करील. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, अशी भूमिका मांडली. दुःखाची धग ज्याला लागली, त्याच्याऐवजी दुसऱ्याने बोलणे पुरेसे नाही, हे त्या भूमिकेचे मर्म होते. पण ती साक्ष देणारा माणूस कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला होता, हेही विसरू नका. त्यांचा अनुभव आणि त्यांचे अध्ययन या दोहोंनी मिळून ती साक्ष उभी राहिली. समदुःखी सोबत्यालाही हाच नियम लागू आहे. कसे ऐकावे, काय बोलू नये, दुसऱ्याचे गुपित कसे राखावे, जिवाला धोका दिसताच ताबडतोब डॉक्टरांना कसे कळवावे, हे त्याला शिकवले पाहिजे. औषध लिहिणे किंवा बंद करणे हे त्याचे काम कधीच नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, तो पुन्हा आजारी पडला तर? पडू शकतो. मनाच्या आजारातून बरे होणे म्हणजे आजार समूळ नाहीसा होणे असे नेहमीच नसते. पुष्कळदा औषध चालू ठेवून घर, काम आणि नाती सांभाळणे हेच बरे होणे असते. पण मधुमेही शिक्षकाला आपण शाळेतून काढतो काय? हृदयविकार होऊन गेलेल्या डॉक्टरला रुग्णालयाबाहेर बसवतो काय? त्यांना रजा मिळते, बदली माणूस मिळतो. तीच सोय येथेही करावी.

तिसरा आक्षेप असा की, याचा उपयोग होतो याला पुरावा काय? २०१३ साली कॉक्रेन या संस्थेच्या वतीने एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ११ चाचण्या आणि २,७९६ माणसे होती. सोबत्यांनी केलेल्या कामाचे फळ, तेच काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या कामाइतकेच होते. जास्त नाही, कमीही नाही. अडीअडचणीच्या वेळी तातडीच्या सेवेकडे धाव घेण्याचे प्रमाण मात्र थोडे घटले होते. हा चमत्कार नाही, आणि चमत्कार सांगणाऱ्यांपासून तर आपण दूर आलो आहोत. आपल्याकडे माणसांची वाण केवढी आहे ते पाहा. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. जेथे एवढी वाण आहे, तेथे व्यावसायिकांच्या तोडीचे काम करू शकणारी माणसे घरी बसवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

चौथा आक्षेप कोणी फारसा घेत नाही. तो आपणच घेतला पाहिजे, कारण आपल्याला तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. अशा सोबत्याला पथकात घ्यायचे, पण पगार द्यायचा नाही, ‘सेवा’ म्हणून राबवायचे. बैठकीत खुर्ची द्यायची, पण त्याचे मत विचारायचे नाही. रुग्णाची फाईल त्याला दाखवायची नाही, चहा मात्र त्यालाच आणायला लावायचा. चार माणसांत त्याची ओळख ‘आमचा जुना पेशंट’ अशी करून द्यायची. बंधूंनो, वाड्यात घेतले पण ओसरीच्या पुढे येऊ दिले नाही, हा अनुभव आपल्याला नवा आहे काय? याला सहभाग म्हणत नाहीत, याला वेठबिगारी म्हणतात. म्हणून सोबती नेमायचा असेल तर त्याचे काम लेखी ठरलेले हवे, वेतन ठरलेले हवे, मार्गदर्शन करणारा वरिष्ठ हवा आणि बैठकीत बोलण्याचा हक्क हवा. आणि सोबती आला म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवण्याची मुभा शासनाला मिळता कामा नये. गरिबाला डॉक्टरही हवा आणि सोबतीही हवा.

आपल्या भागात याची सुरुवात अगदीच झालेली नाही असे नव्हे. २०१५ साली राज्य शासनाने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यांत परभणी होता. घरोघर जाऊन खचलेले माणूस ओळखण्याचे काम आशा ताईंकडे सोपवले गेले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच माणसांना शिकवून कामाला लावले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत आत्मीयता प्रकल्पाने गावकऱ्यांतूनच ऐकून घेणारे मित्र तयार केले. पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. गोव्यात गरोदरपणी नैराश्य आलेल्या स्त्रियांसाठी त्यांच्याच वस्तीतल्या आयाबाया ‘सखी’ म्हणून शिकून तयार झाल्या.

पण येथे एक फरक ध्यानात घ्या. आशा ताई, गावमित्र, सखी ही शेजारची माणसे आहेत. त्यांनी स्वतः तो आजार भोगलेला असेलच असे नाही. पुढचे पाऊल म्हणजे ज्याने तो भोगला, त्याला पथकात आणणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने जिल्ह्याच्या पुनर्विलोकन मंडळात दोन जागा मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी ठेवल्या आहेत. म्हणजे मंडळाच्या मेजाशी त्यांचा हक्क मान्य झाला. मग रुग्णाच्या खाटेशी आणि म्हातारीच्या ओट्याशी तो का असू नये? सोनपेठसारख्या तालुक्याच्या रुग्णालयात एक जरी प्रशिक्षित, पगारी सोबती असला, तरी तिसऱ्या दिवशी बंद होणाऱ्या कितीतरी गोळ्या चालू राहतील.

आता शेवटचा आणि सर्वांत कडू भाग. शासनाकडे मागणी करण्यापूर्वी स्वतःच्या घराकडे पाहा. जिच्या मुलाचे डोके फिरले असे म्हणतात, त्या बाईला आपण हळदीच्या कार्यक्रमाला बोलावतो काय? तिच्या दुसऱ्या मुलीची सोयरीक जुळवताना आपण मागे का सरतो? बरा होऊन आलेल्या तरुणाला विहाराच्या कमिटीत घेतो काय, की ‘ते जरा तसंच आहे’ म्हणून चपला सांभाळायला बसवतो? ज्या समाजाला हजारो वर्षे शिवू नये असे सांगितले गेले, त्या समाजाने आपल्यातल्याच एकाला मनाच्या आजारावरून दूर बसवावे, याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. विटाळ गेला असे आपण म्हणतो. तो सगळ्यांच्या बाबतीत जायला हवा. नाहीतर तो फक्त आपल्यापुरता गेला, असे होईल.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तेथल्या दर्ग्यात बरे वाटेल म्हणून त्यांच्या घरच्यांनीच त्यांना तेथे ठेवले होते. आता कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधता येत नाही. पण दाव्याने बांधण्याइतकेच, नावे ठेवून कोपऱ्यात बसवणेही बांधणेच आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. घरात कोणाचे मन आजारी पडले तर लपवू नका, सरकारी रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तो विनामूल्य आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. विपश्यना, ध्यान, वंदना यांनी मनाला बळ येते, पण गंभीर आजारात ती औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, त्या तीन महिन्यांत एक संध्याकाळ अशा कुटुंबांसाठी ठेवा. कोणाला बोलायचे असेल तर बोलू द्या, नसेल तर नुसते बसू द्या. तेथे ऐकलेले बाहेर जाऊ देऊ नका. आणि तुमच्यापैकी जो या वाटेने जाऊन परत आला आहे, त्याला माझे सांगणे आहे: तुम्ही जे भोगले ते लपवायची गोष्ट आहे, असे समजू नका. तयारी असेल तर शिका, आणि दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा. तयारी नसेल तर बसू नका, त्यातही काही उणेपणा नाही.

पटाचारा तेथे आली तेव्हा तिच्याभोवती तीन प्रकारची माणसे होती. काही तिला हाकलत होते. एकाने उपरणे टाकले. आणि एकाने तिला बहीण म्हणून हाक मारून बसायला जागा दिली. पुढे तीच बहीण इतरांना सावरू लागली. आपल्या वस्तीत उद्या ती आली, तर आपण यांतले कोण असू, हे आजच ठरवून ठेवा.